१०० − ८० %: टक्क्यांतला बदल मोजणाऱ्या साधनांची पारख

१००, वजा, ८०, टक्का. एवढ्याच कळा दाबायच्या आणि यंत्र मागत असेल तर शेवटी बरोबरचं चिन्ह. कॅसिओच्या साध्या टेबल कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं २५. फोनवर येतं २०. कॅसिओच्याच एफएक्स-८२ईएस या सायंटिफिक मॉडेलवर ९९.२ येतं, आणि एक्सेलच्या चौकटीत हेच लिहिलं तरी ९९.२च.

यातलं एकही यंत्र बिघडलेलं नाही. टेबल कॅल्क्युलेटरने सांगितलं की ८० चे १०० झाले तर वाढ २५ टक्के. फोनने १०० मधून त्याचेच ८० टक्के काढून टाकले. सायंटिफिकने आणि एक्सेलने ८० टक्के म्हणजे ०.८ एवढंच धरलं आणि तेवढं वजा केलं. टक्क्याच्या कळेचा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेला एक अर्थ नाही, आणि बहुतेकांना हे कळतं ते हिशेब चुकल्यावर.

दोन आकड्यांतला टक्क्यांतला बदल काढायची रीत शाळेतली आहे: नव्यातून जुना वजा करा, जुन्याने भागा, शंभरने गुणा. अवघड काही असेल तर ते ‘जुन्याने भागा’ एवढंच. ८० वरून १०० म्हणजे २५ टक्के वाढ, पण १०० वरून ८० म्हणजे २० टक्के घट. फरक दोन्हीकडे २०च, पाया बदलला. त्यामुळे कोणतंही साधन पारखताना आम्ही पडदा, कळा, रंग हे नंतर बघतो. जुना आकडा कोणता हे ते विचारतं का, आणि उत्तराशेजारी तो दिसत राहतो का, हे आधी.

साधे टेबल कॅल्क्युलेटर

कॅसिओच्या टेबल मॉडेलांत टक्क्यांतला बदल काढायची सोय आहे, फक्त ती वजाच्या कळेमागे लपलेली आहे. आधी नवा आकडा, मग वजा, मग जुना, मग टक्का. १०० − ८० % = २५. उलट गेलात, म्हणजे ८० − १०० % केलंत, तर −२०. बरोबरची कळ दाबायचीच नाही. क्रम नवा-जुना असा आहे, हे झाकणावर किंवा कळेवर कुठेही लिहिलेलं नसतं.

या सोयीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. १०० मधून १० टक्के सूट काढायची म्हणून १०० − १० % दाबलं की पडद्यावर ९०० येतं. बघणारा दचकतो, पण यंत्राने १० वरून १०० ची वाढ काढली आहे, आणि ती ९०० टक्केच आहे. अधिकच्या कळेचंही तसंच. १०० + २५ % ला उत्तर येतं १३३.३३. म्हणजे खरेदी १०० ची असेल आणि विक्रीच्या किमतीवर २५ टक्के नफा हवा असेल तर विकायचं कितीला, याचं उत्तर. दुकानदाराला उपयोगी, पण सरळ २५ टक्के वाढवायला बसलेल्याला फसवणारं. सरळ वाढ हवी असेल तर ८० × २५ % + असा क्रम आहे. त्यावर १०० येतात. शेवटी + ऐवजी − दाबलं की ६०.

याच कॅल्क्युलेटरांतली एक चांगली सोय फारसं कुणी वापरत नाही. एकच जुना आकडा आणि नवे अनेक, अशी यादी असेल तर ८० टंकून भागाकाराची कळ दोनदा दाबा. पडद्यावर ‘के’ उमटतं, म्हणजे ८० हा भाजक पक्का झाला. आता १०० = केलं की १.२५, १२० = केलं की १.५, ६८ = केलं की ०.८५. एकाच्या वर जेवढं तेवढी वाढ, खाली जेवढं तेवढी घट: २५ टक्के वाढ, ५० टक्के वाढ, १५ टक्के घट. लांब यादीला याहून वेगवान रीत साध्या यंत्रावर नाही, आणि पाया पुन्हापुन्हा टंकायचा नसल्याने तो मध्येच चुकण्याची भीतीही नाही. दशांश ठरवणारी सरकपट्टी मात्र ‘एफ’वर असू द्या. ती शून्यावर राहिली असेल तर ०.८५ चा पडद्यावर भलताच पूर्णांक होतो.

ज्या कॅल्क्युलेटरांवर ‘एमयू’ (मार्क-अप) अशी कळ असते, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत हेच काम त्या कळेवर आहे. सिटिझनच्या टेबल मॉडेलांवर १०० − ८० एमयू केलं की २५ मिळतात. इथे बदलाला वेगळी कळ दिली आहे, हे आम्हाला जास्त पटतं. यंत्र नवं असेल तर आधी ८० आणि १०० ही जोडी घालून बघा. २५ आले तर रीत बरोबर. −२० आले तर क्रम उलटा झाला आहे.

सायंटिफिक

जुन्या एफएक्स-८२एमएसवर शिफ्ट आणि टक्का वापरून ४६ − ४० केलं की १५ मिळतात, म्हणजे टेबलवाल्यासारखीच रीत. त्यानंतरच्या ईएस मालिकेत टक्का म्हणजे फक्त ‘भागिले शंभर’. आमच्या मते हा बदल चांगल्यासाठीच झाला, कारण आता कळेचा अर्थ एकच आहे आणि बाकीचं तुम्हाला लिहावं लागतं. अडचण होते ती जुनं यंत्र सोडून नवं हातात घेणाऱ्याची. बोटांना जुनी सवय असते आणि ४६ − ४० % ला ४५.६ येतं. हे उत्तर इतकं शहाण्यासारखं दिसतं की कुणाला शंकाही येत नाही.

सायंटिफिकवरची दुसरी ठेच कंसाची आहे. १०० − ८० ÷ ८० असं सलग लिहिलं तर ही यंत्रं आधी भागाकार करतात आणि उत्तर ९९ देतात. साधा टेबल कॅल्क्युलेटर मात्र कळा येतील तसं करत जातो, म्हणून तिथे हाच क्रम ०.२५ देतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये तर दोन्ही स्वभाव एकाच खिडकीत आहेत: स्टँडर्डमध्ये ०.२५, सायंटिफिकमध्ये ९९. आयफोनचा कॅल्क्युलेटर साधा दिसतो, पण भागाकार आधी करतो, म्हणजे तिथेही ९९.

म्हणून यंत्र कोणतंही असो, एक रीत हाताशी ठेवावी: नवा ÷ जुना − १. १०० ÷ ८० − १ म्हणजे ०.२५. यात कंस लागत नाही, टक्क्याची कळ लागत नाही, आधी काय करायचं हा वादही उरत नाही, आणि वर सांगितलेल्या प्रत्येक यंत्रावर उत्तर तेच येतं. शंभरने मनात गुणलं की झालं. शिवाय मधला १.२५ पडद्यावर दिसतो, आणि पुढच्या हिशेबांना खरा उपयोगी तोच असतो. सलग दोन बदल जोडायचे तर टक्के बेरजेत घालायचे नसतात, हे गुणक एकमेकांनी गुणायचे असतात. २५ टक्के वाढ आणि मग २५ टक्के घट म्हणजे १.२५ × ०.७५ = ०.९३७५, एकूण ६.२५ टक्के घट. उलटा प्रवासही गुणकानेच होतो: २५ टक्के वाढून १०० झाले असतील तर आधी १०० ÷ १.२५ = ८० होते. १०० मधून २५ टक्के वजा करून ७५ काढणारे पदोपदी भेटतात.

फोनबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे की तो सूट आणि वाढ सरळ काढतो (१०० − १० % ला ९०, ८० + २५ % ला १००), पण दोन आकड्यांतल्या बदलासाठी त्याची टक्क्याची कळ निरुपयोगी आहे. भागून एक वजा करा.

एचपी-१२सी

वित्तवाल्यांचा हा कॅल्क्युलेटर १९८१ चा, आणि अजून विकला जातो. याच्यावर टक्क्यांच्या तीन वेगळ्या कळा आहेत: साधा टक्का, एकूणातला वाटा, आणि त्रिकोणी डेल्टा-टक्का. शेवटची म्हणजे टक्क्यांतला बदल, दुसरं काही नाही. ८० एंटर १०० डेल्टा-टक्का, उत्तर २५. जुना आधी, नवा नंतर, म्हणजे आपण बोलतो त्याच क्रमाने.

याची खुबी अशी की उत्तर आल्यावरही जुना आकडा मागच्या खणात तसाच राहतो. सीएलएक्स (पडद्यावरचा आकडा पुसणारी कळ) दाबून १२० टंका, पुन्हा डेल्टा-टक्का दाबा, ५० मिळतात. पाया कोणता धरला आहे याची शंका आली तर एक्स-वाय अदलाबदलीच्या कळेने तो समोर आणता येतो. मध्ये सीएलएक्स न दाबता पुढचा आकडा टंकलात तर मात्र मागचं उत्तर सरकून पायाच्या जागी बसतं आणि पुढची सगळी यादी चुकते. या यंत्रावर बरोबरचं चिन्हच नाही. ती सवय लागायला वेळ लागतो. फक्त टक्क्यांसाठी कुणी हे यंत्र घ्यावं असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे ते आहे त्याने डेल्टा-टक्का सोडून दुसरीकडे जाऊ नये.

टीआयचा बीए टू प्लस

आमची पसंती याला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) या वित्तीय कॅल्क्युलेटरला. ‘सेकंड’ आणि मग ५ दाबलं की टक्के-बदलाचं पान उघडतं. त्यात चार ओळी असतात: ओल्ड, न्यू, टक्के-बदल आणि कालखंडांची संख्या. खाली-वरच्या बाणांनी ओळ निवडायची, आकडा घालून एंटर करायचं, आणि जी ओळ हवी तिथे जाऊन सीपीटी (कम्प्यूट, म्हणजे उत्तर काढायची कळ). पाया कोणता हे इथे नावानिशी विचारलं जातं, त्यामुळे क्रम उलटा होण्याची सोयच ठेवलेली नाही. ओल्ड ८०, न्यू १००, सीपीटी, २५.

चारांपैकी कोणतेही तीन दिले की चौथा निघतो, ही त्याहून मोठी गोष्ट. न्यू १०० आणि बदल २५ दिला की ओल्ड ८० मिळतो. वर सांगितलेला उलटा हिशेब असा डोकं न खाजवता होतो. आणि कालखंडांची ओळ तर सोन्याची. ५०० चे ५ वर्षांत ८०० झाले, तर दर वर्षी किती टक्के? एकूण वाढ ६० टक्के, पाचाने भागून १२, असं पुष्कळ जण म्हणतात. पण ५०० वर दर वर्षी १२ टक्के चढवत गेलं तर पाच वर्षांनी ८८१ च्या वर जातात. ओल्ड ५००, न्यू ८००, कालखंड ५, सीपीटी केलं की ९.८६ मिळतात, आणि तो आकडा खरा आहे.

दोष एकच, पण चावणारा. यंत्र बंद केलं तरी या पानावरचे आकडे पुसले जात नाहीत. काल कालखंड ५ ठेवला असेल आणि आज साधा बदल काढायला बसलात, तर ८० वरून १०० ला २५ ऐवजी ४.५६ येतात. पान उघडल्या उघडल्या ‘सेकंड’ आणि ‘क्लिअर वर्क’ दाबायचं, म्हणजे कालखंड पुन्हा १ होतो. सीएफए या वित्त-विश्लेषकांच्या परीक्षेत हा आणि एचपी-१२सी चालतात, त्यामुळे अनेकांकडे यांतला एखादा असतोच. तरी हे पान न उघडलेले मालक बरेच.

एक्सेल आणि गूगल शीट्स

रोजचं काम खरं तर इथेच होतं. जुने आकडे ए स्तंभात आणि नवे बी स्तंभात असतील तर सूत्र तेच: बी२ भागिले ए२ वजा १. मग चौकटीला टक्क्याचं रूप द्यायचं. एक्सेलमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ५. स्वतः १०० ने गुणायचं नाही. गुणून वर टक्क्याचं रूप दिलं की २५ चे २५०० टक्के होतात. शिवाय एक्सेलचं टक्क्याचं रूप सुरुवातीला दशांश दाखवत नाही, १२.४ चं १२ टक्के दिसतं. एक दशांश उघडा ठेवावा. त्याहून जास्त ठेवले की खोटी अचूकता मिरवली जाते.

खरी गडबड आकड्यांच्या मांडणीत असते. बहुतेक याद्या नवा महिना वर आणि जुना खाली अशा येतात. वरून खाली सूत्र ओढणारा नकळत जुन्याला नव्याने भागतो, आणि वाढीच्या जागी घट दिसते. तीही चुकीची, कारण २५ टक्क्यांची उलट बाजू −२५ नसून −२० आहे. नुसतं चिन्ह बदलून ती दुरुस्त होत नाही. सगळे आकडे एकाच महिन्याशी ताडायचे असतील तर पायाच्या चौकटीला डॉलरचं चिन्ह लावून ती पक्की करा (एफ४ कळ), नाहीतर पाया प्रत्येक ओळीबरोबर खाली सरकत जातो.

रिकाम्या चौकटीकडे विशेष लक्ष द्यावं. एक्सेल रिकाम्या जागेला शून्य धरतं. पुढच्या महिन्याचा आकडा अजून यायचा असेल तर तिथे −१०० टक्के झळकतं, आणि सरासरी काढणारं सूत्र ते इमानाने मोजतं. नवी चौकट रिकामी असेल तर उत्तरही रिकामं ठेवायची अट सूत्रात घालावी. पायाच शून्य किंवा रिकामा असेल तर शून्याने भागल्याची चूक दिसते. ती झाकायला इफएरर (चूक आली तर तिच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) लावून शून्य छापणं ही वाईट सवय आहे. काहीच नव्हतं तिथे १२ आले, आणि तक्त्यात ‘बदल ०ʼ! त्यापेक्षा ‘नवीनʼ असा शब्द छापा.

पिव्होट टेबल वापरणाऱ्यांनी सूत्राच्या फंदात पडूच नये. मूल्यं दाखवायच्या पर्यायांत ‘टक्के फरक, अमुकपासून’ असा पर्याय आहे. त्यात पाया म्हणून आधीचा कालखंड निवडला की प्रत्येक ओळीचा बदल आपोआप येतो. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत यासाठीच एक तयार फंक्शन आहे. ते अपूर्णांकात उत्तर देतं (२५ नव्हे, ०.२५), पहिल्या ओळीला काहीच देत नाही, कारण तिच्या आधी कुणी नाही, आणि पाया शून्य असेल तर अनंत छापतं. त्याच्या जुन्या आवृत्त्या गहाळ आकड्याच्या जागी आधीचाच आकडा भरून घेतात, त्यामुळे माहिती नसलेल्या दिवशी बदल शून्य दिसतो. ते भरणं बंद करूनच वापरावं.

यंत्राच्या हातात नसलेलं

काही जोड्यांना टक्क्यांतला बदल लावायचाच नसतो, आणि हे कुठलंही साधन आपणहून सांगत नाही. −२० चा तोटा जाऊन १० चा नफा झाला, तर सरळ सूत्र −१५० टक्के म्हणतं, म्हणजे सुधारणा झाली आणि चिन्ह मात्र घटीचं. पायाचं चिन्ह काढून भागलं तर +१५० येतात, दिसायला ठीक. पण त्याच रीतीने −२ वरून १० ला +६०० येतात: कमी सुधारणा, चौपट टक्के. अशा जागी ‘३० ने सुधारणाʼ असा फरकच लिहावा.

व्याजदर ४.५ वरून ६ वर गेला तर तो दीड टक्का-बिंदूंनी (दोन दरांतला सरळ फरक) वाढला आणि ३३.३ टक्क्यांनीही वाढला. दोन्ही खरं, पण कोणतं म्हणताय ते लिहायला हवं. तापमान १० अंश सेल्सिअसवरून २० वर गेलं म्हणून ते दुप्पट होत नाही, कारण सेल्सिअसचं शून्य हे सोयीने ठरवलेलं शून्य आहे. केल्विनमध्ये मोजलं तर २८३.१५ वरून २९३.१५, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. आणि छोटे, आधीच गोल केलेले आकडे तर मुळीच विश्वासाचे नाहीत. ३ चे ४ झाले म्हणजे ३३ टक्के वाढ, असं यंत्र सांगेल. पण मूळ आकडे ३.४ आणि ३.५ असतील तर वाढ ३ टक्केही नाही, २.५ आणि ४.४९ असतील तर जवळपास ८० टक्के. गोल करायचं ते शेवटी, उत्तर काढल्यावर.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर

दोन रकाने, एक बटण, आणि आजूबाजूला जाहिराती. रकान्यांची नावं ‘पहिला आकडा’ आणि ‘दुसरा आकडा’ अशी असतील तर ते पान आमच्या परीक्षेत तिथेच मागे पडतं. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असं लिहिलेलं हवं. उत्तराखाली आपले आकडे घालून मांडलेलं सूत्र दिसलं तर उत्तम.

यांत ‘टक्के बदल’ आणि ‘टक्के फरक’ अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात आणि लोक दुसरं दाबून येतात. टक्के फरकात पाया दोन्ही आकड्यांची सरासरी असते: ८० आणि १०० साठी २० भागिले ९०, म्हणजे २२.२. दोन मोजमापांत जुनं-नवं असं काही नसेल, नुसती तुलना असेल, तर ते योग्य. वेळेनुसार बदल मोजताना ते लावायचं नाही. कुठूनही मोजलं तरी सारखंच उत्तर हवं असेल तर नैसर्गिक लॉगरिदम आहे: १०० ÷ ८० चा लॉग ०.२२३१ आणि ८० ÷ १०० चा −०.२२३१. अशा बदलांची सरळ बेरीजही करता येते, म्हणून लांबलचक मालिकांसाठी तो बरा. पण वाचणाऱ्याला तो टक्के म्हणून देऊ नये; छोट्या बदलांत दोन्ही जवळ असतात, मोठ्यांत नाहीत.

नवं पान वापरण्याआधी तीन जोड्या घालून बघा. ८० ते १०० ला २५ यायला हवेत. −२० ते १० ला जे येईल त्यासोबत पायाचं चिन्ह काढलं की नाही हे लिहिलेलं हवं. ० ते १२ ला ‘काढता येत नाही’ असं उत्तर हवं. तिथे १०० टक्के वाढ दाखवली, तर ते पान लगेच बंद करा.